दारू सोडवायला भरतीच व्हावं लागतं असं नाही

घरातल्या माणसाची दारू सोडवायची असं ठरलं, की आपल्या भागात पहिला प्रश्न येतो तो "भरती कुठं करायचं?" कुणी पुण्याचं नाव घेतं, कुणी सोलापूरचं, कुणी लातूरचं. माणूस महिनाभर घरात नसणार म्हणजे मजुरी बुडणार, सोयाबीनची काढणी अडणार, जनावरांचं बघणार कोण, हे प्रश्न पाठोपाठ येतात. खर्चाचा आकडा निघाला की बोलणं थांबतं. आणखी एक वर्ष तसंच जातं.

हा लेख धाराशिव जिल्ह्यातल्या अशा घरांसाठी आहे. व्यसन जडलेल्या बहुसंख्य माणसांना घरी राहून, आपलं काम सांभाळून, दवाखान्यात ठरलेल्या तारखांना जाऊन उपचार घेता येतात. काहींना भरती व्हावंच लागतं. ते कुणाला, हेही पुढे सांगितलं आहे. पण भरती जमत नाही म्हणून उपचारच नाही, हा समज सोडायला हवा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता, आणि भरती होऊन उपचार मिळालेला माणूस १८० जणांमागे एक होता. राहिलेल्यांपर्यंत पोचायचं तर जवळच्या दवाखान्याची ओपीडी हाच खरा रस्ता आहे.

व्यसन जडलंय का, हे कसं ओळखायचं

रोज पिणारा प्रत्येक जण म्हणतो, "मी ठरवलं तर उद्या सोडीन." त्यावर वाद घालण्यापेक्षा चार प्रश्न विचारा. जगभरातले डॉक्टर अनेक वर्षं हे प्रश्न वापरतात.

१. पिणं कमी करायला हवं, असं तुम्हाला कधी वाटलं का?
२. पिण्यावरून कुणी बोललं तर तुम्हाला राग येतो का?
३. पिण्याबद्दल मनाला कधी खात राहतं का?
४. सकाळी उठल्या उठल्या, हात थरथरतात किंवा डोकं ताळ्यावर येत नाही म्हणून, घोट घ्यावा लागतो का?

दोन किंवा जास्त प्रश्नांना "हो" असेल तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ आली आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर शरीराला दारूची सवय लागलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा माणसाची दारू केवळ मनाच्या निर्धारावर सुटत नाही, आणि एकट्याने एकदम सोडणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

एकदम सोडण्यातला धोका

आपल्याकडे दारू सोडण्याची रीत म्हणजे शपथ. कुणी तुळजाभवानीसमोर शब्द देतं, कुणी येरमाळ्याच्या यात्रेत, कुणी माळ घालतं. माळेने हजारो घरं सावरली आहेत. माळकरी मंडळींची सोबत, भजन, वारी या सगळ्याचा आधार मोठा असतो. तेवढ्यासाठीच एक गोष्ट लक्षात ठेवा: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने माळ घालण्याआधी डॉक्टरांची भेट घ्यावी.

दारूमुळे वर्षानुवर्षं दबून राहिलेला मेंदू दारू तुटताच उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात. घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांची शुद्ध हरपते. अंगावर किडे चालतात, भिंतीवर साप दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, आपण कुठं आहोत हेही कळत नाही. घरच्यांना हे बाहेरचं काहीतरी वाटतं आणि माणसाला देवऋषाकडे नेलं जातं. ही दारू तुटल्यामुळे आलेली आणीबाणी आहे आणि उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो. फिट आली, भास होऊ लागले, ताप चढला किंवा रक्ताची उलटी झाली तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या.

डॉक्टरांनी वेळेवर औषध सुरू केलं तर हाच त्रास बराच सौम्य होतो. म्हणून दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मुद्दाम दारू तोडू नका. कधी आणि कशी थांबवायची, ते डॉक्टर सांगतील.

ओपीडी कुणाला चालते, भरती कुणाला लागते

घरी राहून उपचार घ्यायचे तर ढोबळमानाने चार गोष्टी हव्यात. माणसाची स्वतःची थोडी तरी तयारी हवी. औषधं हातात ठेवून वेळेवर देणारं एक जबाबदार माणूस घरात हवं. पहिल्या आठवड्यात रोज किंवा दिवसाआड दवाखान्यात जाता यावं. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर रुग्णालय गाठता येईल एवढी सोय असावी.

पुढच्यापैकी काही असेल तर मात्र भरतीचाच आग्रह धरा. आधी दारू सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी असा लिव्हरचा त्रास आहे. हृदयाचा आजार किंवा हाताबाहेर गेलेला मधुमेह आहे. जीव देण्याची भाषा आहे किंवा तसा प्रयत्न झाला आहे. दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू आहेत. बाई गरोदर आहे. घरात सांभाळणारं कुणी नाही, किंवा घरातच रोज बैठक बसते.

हा निर्णय डॉक्टरांचा आहे. तुमचं काम त्यांच्यापासून काहीही लपवून न ठेवण्याचं.

ज्यांना भरती व्हावं लागतं त्यांचाही खरा उपचार सुट्टी मिळाल्यावर सुरू होतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलं. महाराष्ट्रात भरतीच्या उपचाराचं हे सर्वांत ओळखीचं नाव, पण तिथेही घरी गेलेल्या माणसाच्या पाठपुराव्याला आणि बायकांच्या गटाला तेवढंच महत्त्व दिलं जातं. आत राहिलेला माणूस दारूपासून दूर असतोच. घरी परतल्यावर, पगाराच्या दिवशी, दुकानावरून जाताना तो कसा राहतो, यावर सगळं ठरतं.

जायचं कुठं

सुरुवात गावातून करा. आशाताईंना सांगा, त्या नवख्या नाहीत. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत राज्य सरकारने राबवलेल्या प्रेरणा प्रकल्पात आपला जिल्हा होता, आणि घरोघरी जाऊन खचलेली माणसं ओळखण्याचं काम त्यात आशांकडेच होतं. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर पहिली तपासणी करून चिठ्ठी देऊ शकतात. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत.

पुढचा टप्पा मानसोपचार विभागाचा. धाराशिवला २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्हा रुग्णालय त्याच्याशी जोडलेलं आहे. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं आणि ते तालुक्याच्या रुग्णालयांना ठरलेल्या दिवशी भेट देतं. ते तुमच्या तालुक्यात कोणत्या वारी येतं, हे आशाताईंकडून किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर विचारून घ्या. या एका माहितीने धाराशिवच्या बऱ्याच खेपा वाचतात.

जिल्हा लांबलचक आहे, त्यामुळे सगळ्यांना धाराशिव जवळ पडत नाही. तुळजापूर आणि परांड्याच्या लोकांना सोलापूरचं सिव्हिल, लोहारा-उमरग्याच्या लोकांना लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आणि कळंबकरांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय सोयीचं पडू शकतं. वर्षभर जाता येईल असंच ठिकाण निवडा. नाव मोठं असून दोन खेपांनंतर जाणं बंद होणार असेल, तर जवळचा साधा दवाखाना बरा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा बायको किंवा आई बरोबर गेली तर खर्चाचा भार थोडा हलका होतो.

घरातून बाहेर पडायचं धाडस होत नसेल तर आधी फोन करा. टेलीमानसचा क्रमांक १४४१६. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. पिणाऱ्या माणसानेच फोन करावा असं नाही. बायको, मुलगा, भाऊ कुणीही करू शकतं.

पहिल्या भेटीला जाताना

एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. रोज किती आणि काय: देशी, विदेशी, हातभट्टी की ताडी. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, तिसाचे सहा पेग. तेव्हा "थोडी घेतो" असं न सांगता क्वार्टरच्या हिशोबात सांगा. शेवटची केव्हा घेतली, दिवस आणि वेळ. आधी सोडली होती तेव्हा काय झालं. आणि चालू असलेली सगळी औषधं, साखरेची, रक्तदाबाची, मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची किंवा अंगदुखीचीसुद्धा. तंबाखू, गुटखा, गांजा असेल तर तोही सांगा. सोबत एकच विश्वासाचं माणूस न्या. दहा जणांनी धरून नेलेला माणूस दुसऱ्यांदा त्या दारात जात नाही.

डॉक्टर तपासतील, रक्तातली साखर आणि लिव्हरच्या तपासण्या सांगतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक त्रास हा मानसिक आजाराच्या व्याख्येत येतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. नोकरीवर कळेल, सोयरिकीत अडचण येईल या भीतीने थांबू नका.

औषधं काय करतात

पहिल्या पाच ते सात दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांच्यासारखी औषधं देतात. ती थरथर आणि फिट रोखतात, आणि रोज थोडी कमी करत बंद करतात. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून त्या घरातल्या माणसाच्या ताब्यात असाव्यात. संपल्यावर जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून पुन्हा आणू नयेत. या गोळ्या चालू असताना दारू प्यायली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्या दिवसांत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबा कुट्टी यांपासून लांब राहा.

याच काळात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देणं फार महत्त्वाचं. दारूने आणि उपासमारीने ते शरीरातून संपलेलं असतं. त्याच्या कमतरतेने चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" असा आग्रह गावात नेहमी होतो. पण थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन अशा माणसाला घातक ठरू शकतं. डॉक्टरांना "हे रोज पितात" एवढं सांगितलं तरी ती काळजी घेतली जाते.

ओढ कमी करण्याची औषधं त्यानंतर सुरू होतात. नाल्ट्रेक्सोनमुळे पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. ते देण्याआधी लिव्हर तपासतात, आणि अफूच्या वर्गातली औषधं घेणाऱ्याला ते देत नाहीत. अकॅम्प्रोसेट सोडलेली दारू सुटलेली राहावी यासाठी देतात. त्यासाठी मूत्रपिंडं ठीक असावी लागतात. ही औषधं साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून मनाने बंद करणं ही सर्रास होणारी चूक आहे.

तिसरं औषध डायसल्फिराम. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, धडधड वाढते आणि रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. हे औषध ज्याने समजून, कबूल होऊन घेतलंय त्याला उपयोगी पडतं. "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर दिसतात. त्या पुड्यांत नेमकं काय आहे हे कुणीच सांगत नाही. चहात, भाजीत गुपचूप औषध कालवू नका. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर पिणार आणि त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय फसवणूक कळली की त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि पुढचा सगळा उपचार त्या विश्वासावरच उभा असतो.

बोलण्यानेही दारू सुटते

गोळ्या शरीर सावरतात. संध्याकाळी सहा वाजता पाय आपोआप कुठं वळतात, कुणाबरोबर बसणं होतं, कसला राग आणि कसलं कर्ज मनात घोळत असतं, यासाठी समुपदेशन हवं. "नुसतं बोलून काय होणार?" असं वाटणाऱ्यांसाठी गोव्यातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, घातक प्रमाणात पिणाऱ्या पण पुरतं व्यसन न जडलेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशन मिळालं. ते देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी, स्थानिक माणसं होती. अर्ध्या-पाऊण तासाच्या जास्तीत जास्त चार बैठका झाल्या. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले लोक समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते आणि न मिळालेल्यांत १८ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. तीन महिन्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून दोन गोष्टी घ्या. पिणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही तेव्हाच समुपदेशकाकडे गेलात तर थोडक्यात भागतं. आणि हे काम शिकलेला गावातलाच माणूस करू शकतो. आपल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. आरोग्याचं काम गावाच्या हातात येऊ शकतं, हे या जिल्ह्याने कधीच पाहिलं आहे.

समुपदेशनाबरोबरच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत. पिणं थांबवलेली माणसं तिथं एकमेकांना आपला अनुभव सांगतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ महाराष्ट्रात मराठीतून चालते. जवळ सभा नसेल तर मोबाईलवरूनही सभेला बसता येतं. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात.

एमडी, गांजा, गोळ्या आणि ताडी

२०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापूरजवळ तामलवाडी पोलिसांनी एमडी (मेफेड्रोन) पकडलं आणि तपास पुढे गेला तशी आरोपींची यादी वाढत गेली. त्यानंतर अनेक आईबाप मुलाचं वागणं दिसत असूनही गप्प बसले असतील, कारण दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील ही भीती. म्हणून कायदा नीट समजून घ्या. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. अट अशी, की उपचार पूर्ण केला पाहिजे; अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर विचारा.

एमडी सोडवणारी खास गोळी आज नाही. नेमाने समुपदेशन, झोपेसाठी आणि संशयाच्या भरावर तात्पुरती औषधं, जुने नंबर आणि जुनी संगत तोडणं हाच उपचार. एमडी थांबल्यावर पोरगं दिवस-दिवस झोपतं, मग खोल उदासीत जातं. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका. गांजासाठीही मुख्य भर समुपदेशनावरच असतो.

अफूच्या वर्गातल्या नशेवर, म्हणजे ब्राऊन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, दुखण्याच्या काही तीव्र गोळ्या यांवर, ब्यूप्रेनॉर्फिन हे ओपीडीतलं परिणामकारक औषध आहे. ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळतं आणि बरेच महिने घ्यावं लागतं. या नशेत एक धोका सगळ्यांना माहीत असावा: काही आठवडे सोडल्यानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते.

झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्याही एकदम बंद करू नयेत, फिट येते. ताडीचंही तसंच. ताडीत गुंगीच्या औषधाची भेसळ होते. २०१५ साली तेलंगणात अशा ताडीचा पुरवठा तुटला तेव्हा शेकडो लोकांना झटके आणि भास होऊन रुग्णालयं गाठावी लागली. "नुसती ताडी घेतो" म्हणणाऱ्यानेही डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

घरच्यांनी काय करावं

बोलायचं तर सकाळी, तो शुद्धीत असताना. मागच्या दहा वर्षांचा पाढा वाचू नका. एक प्रसंग, त्याने झालेलं नुकसान आणि एक मागणी एवढंच पुरे: "परवा पोरीच्या शाळेत तुम्ही पिऊन आलात, ती रडली. मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला." तारीख मागा, शपथ नको.

त्याची उधारी फेडू नका, मुकादमाला किंवा साहेबांना खोटी कारणं सांगू नका. पण उपाशी ठेवणं, कोंडणं, मारणं यांनी दारू सुटत नाही. पहिले काही आठवडे हातात रोकड कमी असावी, संध्याकाळी वेळेवर जेवण व्हावं आणि त्या वेळेला कुणीतरी सोबत असावं. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. उदास, प्यायलेला माणूस आणि हाताशी असलेलं विष एकत्र आल्यामुळे मराठवाड्यातली किती घरं उजाड झाली आहेत, हे वेगळं सांगायला नको.

बायांनो, त्याचा आजार तुमच्या अंगावरच्या मारहाणीचं कारण होऊ शकत नाही. जीव धोक्यात असेल तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा. ११२ आणि १८१ हे क्रमांक लक्षात ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ तुमच्या बाजूने आहे. आणि घरातली बाईच पीत असेल, मिश्रीपासून झोपेच्या गोळ्यांपर्यंत कशात अडकली असेल, तर तिलाही हाच उपचार मिळतो. तिच्याबाबतीत लाजेपायी फार उशीर होतो, तेवढा करू नका.

घसरलं तर

सहा महिने कोरडा राहिलेला माणूस एखाद्या लग्नात घेतो आणि घरात सुतक पडतं. "गेलं सगळं पाण्यात" असं म्हणू नका. हा आजार मधुमेहासारखा आहे: साखर पुन्हा वाढली तर आपण डॉक्टर सोडत नाही, औषध बदलून घेतो. घसरलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

घसरणीच्या जागा आधीच ओळखून ठेवता येतात. यात्रा, धुळवड, गटारी, निवडणूक, बाजाराचा दिवस, कारखान्याचं बिल जमा होण्याचा दिवस. त्या दिवशी कुठं थांबायचं, कुणाबरोबर जायचं, आग्रह झाला तर काय बोलायचं, हे समुपदेशकाबरोबर बसून ठरवा. "डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, प्यायलो तर मरेन" हे वाक्य आपल्याकडे चांगलं चालतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. भूम, वाशी, कळंब, परांड्याकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. उचल हातात पडते तेव्हा आणि फडावर हाडं गोठवणाऱ्या थंडीत पिणं वाढतं. अशा माणसाचा उपचार पावसाळ्यातच सुरू करा, म्हणजे निघण्याआधी अवघड महिने मागे पडतील. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आम्ही सहा महिने बाहेर असणार." जास्त दिवसांची औषधं आणि निदान लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. ती दाखवून कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू ठेवता येतात. फोनवरचा आधार टेलीमानसवरून कुठूनही मिळतो. उचल शक्यतो बाईच्या खात्यावर घ्या.

गावाने काय करावं

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. त्यात गावागावांत दारू-तंबाखूविरोधी गट आहेतच, पण तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या वारी व्यसन उपचाराचे दवाखाने आणि गावात उपचार शिबिरंही आहेत. बाटली आडवी करणाऱ्या गावालाही पिणाऱ्यांवर उपचार करावेच लागतात, नाहीतर दुकान शेजारच्या गावात जातं आणि गिऱ्हाईक तिथं. आपल्या आठही तालुक्यांत ग्रामसभेला हे मागता येईल: तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस व्यसन उपचारासाठी, तो वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला, आणि गावातून चार-पाच जणांना एकत्र घेऊन जाणारं एक माणूस. एकट्याने जायला जी लाज वाटते ती चौघांत वाटत नाही.

दवाखान्यातून बाहेर पडताना केसपेपरवर पुढची तारीख लिहिलेली असते. साधारणपणे पहिला महिना आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला. त्या तारखेला जाणं हाच उपचाराचा गाभा आहे. प्यायला असाल तरी जा, प्यायला नसाल तरी जा. रुसवा झाला, पाऊस लागला, पैसे नसले तरी जा. आणि अजून पहिली तारीखच पडलेली नसेल तर आज आशाताईंना विचारा, नाहीतर १४४१६ लावा आणि या आठवड्यातला एक वार नक्की करा.